दगडी ओटा व सीलर

स्वयंपाकघरात उभ्याने काम करता यावे म्हणून भिंतीलगत बांधलेल्या व दगडी लाद्यांनी आच्छादिलेल्या चौथऱ्यास ओटा म्हणतात. ओट्याच्या दगडात पाणी, तेल व रंगद्रव्ये शिरू नयेत यासाठी त्यावर जे द्रव्य लावतात त्यास व्यवहारात सीलर ही संज्ञा रूढ झाली आहे. काही सीलर दगडाच्या पृष्ठावर पापुद्रा धरतात, तर काही रंध्रांत मुरतात. कोणता सीलर घ्यावा, किंबहुना घ्यावा की घेऊच नये, हे दगड कोणत्या खनिजांचा आहे आणि तो किती शोषक आहे या दोन गोष्टींवर अवलंबून असते. या दोन गोष्टी परस्परांपासून अगदी भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ घरांत सीलरवरील खर्च वाया जातो व ज्या डागापासून दगड वाचवावयाचा तो डाग पडल्याशिवाय राहत नाही. जालना जिल्ह्यातील घरांत सामान्यतः आढळणाऱ्या दगडांच्या अनुषंगाने या विषयाचे विवेचन पुढे केले आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांतील भाग वेगळा काढून निर्माण झाला. भूवैज्ञानिक दृष्ट्या हा प्रदेश दख्खन ट्रॅपचा, म्हणजे सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा प्रवाहांपासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. भिंतीचा दगड, विहिरीचे बांधकाम, रस्त्याची खडी, जाते आणि पाटा-वरवंटा हे सर्व या काळ्या दगडाचेच. तथापि ओट्यासाठी त्याचा उपयोग क्वचितच होतो. लाव्हा थंड होताना आकुंचनामुळे खडकात सांधे पडतात, त्यामुळे लांबरुंद अभंग लादी निघणे कठीण असते. शिवाय अनेक प्रवाहांचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्यांनी भरलेला असून त्या पोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट यांसारखी खनिजे साचलेली असतात. अशा कुहरी बेसाल्टास एकसारखी चकाकी येत नाही. यामुळे बेसाल्टावर वसलेल्या या जिल्ह्यातील स्वयंपाक बहुधा परप्रांतीच्या दगडावरच होतो.

या परप्रांतीच्या दगडांमध्ये शहाबादी फरशी जुनी व सर्वपरिचित आहे. कर्नाटकातील कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून तिला हे नाव मिळाले. जालना व शहाबाद ही दोन्ही गावे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. ही फरशी म्हणजे भीमा खोऱ्यातील थरयुक्त, करड्या-निळसर रंगाचा चुनखडक होय. तो थराथरांनी सहज सुटत असल्यामुळे करवतीशिवायही त्याच्या फरश्या निघू शकतात. आंध्र प्रदेशातील कडप्पा व कर्नूल भागांतून येणारा काळसर, सूक्ष्मकणी दगडही चुनखडकच असून महाराष्ट्रात त्याचे ‘कडप्पा’ हे नाव इतके रुळले आहे की, मांडणीच्या दगडी फळीलाच लोक कडप्पा म्हणतात. राजस्थानातील कोटा फरशीही चुनखडकाचीच. संगमरवर हा रूपांतरित चुनखडक असल्याने त्याचेही मुख्य खनिज सामान्यतः कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हेच असते. याउलट ग्रॅनाइटात क्वॉर्ट्‌झ, फेल्स्पार व अभ्रक ही सिलिकायुक्त खनिजे असतात. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड मात्र शास्त्रीय अर्थाने बहुधा ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो या बेसाल्टाच्याच रासायनिक कुळातील खडकांपैकी असतो. अर्थात जमिनीखाली सावकाश थंड झाल्यामुळे त्याचे कण मोठे व घट्ट गुंफलेले असतात. घराच्या मालकाने दुकानी नावापेक्षा ‘हा दगड चुन्याचा की सिलिकेचा?’ एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

या प्रश्नाचे उत्तर घरच्या घरी मिळू शकते. दगडाच्या तुकड्यावर, किंवा बसविलेल्या ओट्याच्या नजरेआड असलेल्या कोपऱ्यावर, लिंबाच्या रसाचा एक थेंब पाच मिनिटे ठेवून पुसावा. चकाकी जाऊन तेथे निस्तेज ठिपका राहिला तर दगड चुन्याचा आहे. लिंबाच्या रसात सु. ५ ते ६ टक्के सायट्रिक अम्ल असते. ते कॅल्शियम कार्बोनेटाशी विक्रिया पावून कॅल्शियम सायट्रेट, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. पाच मिलि. रसातील सर्व अम्ल खर्ची पडले असे धरले, तर सु. ०.२ ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट नाहीसे होईल. २५ चौ. सेंमी. क्षेत्रावर याचा अर्थ सु. ०.०३ मिमी. जाडीचा थर जाणे असा होतो. प्रत्यक्षात एवढी विक्रिया पूर्ण होत नाही, पण चकाकी नष्ट होण्यास याच्या अल्पांशानेही भागते. चिंचेतील टार्टारिक अम्ल, दही-ताकातील लॅक्टिक अम्ल व लोणच्यात किंवा व्हिनेगरात असणारे ॲसिटिक अम्ल यांचाही परिणाम असाच होतो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या फळात लिंबाच्या मानाने अम्ल पुष्कळ कमी असते, तरी कापलेल्या फोडी ओट्यावर तशाच राहू दिल्यास चकाकी असलेल्या कडप्प्यावर त्यांच्या कडांचे ठसे उमटू शकतात.

या ठशास लोक डाग म्हणतात, पण तो डाग नव्हे. डाग म्हणजे दगडाच्या रंध्रांत बाहेरून काहीतरी शिरणे. अम्लाचा चट्टा म्हणजे दगडाचाच काही अंश जाणे. रंध्रांत मुरणारा सीलर शोषण रोखतो, परंतु पृष्ठभागावरील कॅल्साइटाचे कण त्याने झाकले जात नाहीत. त्यामुळे तो पहिल्या प्रकाराला आळा घालतो व दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरतो. ‘सीलर लावला, आता लिंबाची चिंता नको’ असे आश्वासन चुनखडकाच्या किंवा संगमरवराच्या ओट्याबाबत कोणी देत असेल, तर ते स्वीकारू नये. शहाबाद आणि वाडी येथील सिमेंट उद्योग ज्या चुनखडकाच्या जोरावर उभा राहिला त्याच कुळातील हा दगड आहे, आणि त्याचा रासायनिक स्वभाव वरून चोळलेल्या द्रव्याने पालटत नाही.

दुसरा प्रश्न शोषकतेचा. दगडाच्या जलशोषणाचे मापन करण्याची पद्धत भारतीय मानक आयएस ११२४ (१९७४) मध्ये दिली आहे. वाळवून वजन केलेला नमुना ठराविक काळ पाण्यात ठेवून पुन्हा वजन करतात व वाढ शेकडेवारीत मांडतात. अमेरिकेतील एएसटीएम मानकांनुसार इमारतीच्या ग्रॅनाइटाचे जलशोषण ०.४ टक्क्यांहून आणि संगमरवराचे ०.२ टक्क्यांहून अधिक नसावे. चुनखडकाच्या घनतेनुसार तीन श्रेणी केलेल्या असून त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ३, ७.५ व १२ टक्के आहेत. या आकड्यांचा अर्थ असा : ६० सेंमी. रुंद, १ मी. लांब व २ सेंमी. जाड लादीचे वजन सु. ३२ किग्रॅ. भरते. जलशोषण ०.४ टक्के असल्यास ती सु. १३० ग्रॅ. पाणी घेईल. ३ टक्के असल्यास जवळजवळ एक लिटर. घट्ट काळ्या ग्रॅनाइटाचे शोषण ०.४ टक्क्यांहूनही बरेच कमी असते. संगमरवर थोडे शोषतो पण अम्लाने लगेच खराब होतो, आणि फिका ग्रॅनाइट अम्लाला दाद देत नाही पण हळदीचे तेल शोषू शकतो. शोषकता व अम्लसहिष्णुता यांचा परस्परांशी संबंध नाही हे यावरून स्पष्ट होईल.

घरगुती परीक्षेसाठी ओट्यावर चमचाभर पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटे थांबावे व पुसून पाहावे. खालचा दगड गडद झाला नसेल तर त्यास सीलरची आवश्यकता नाही. पाण्याशेजारीच गोडेतेलाचा एक थेंब ठेवून तीच परीक्षा करावी. आपल्या स्वयंपाकात पाण्यापेक्षा फोडणीचे तेल हा मोठा शत्रू आहे. हळदीतील करक्युमीन हे पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून तेलात विरघळते आणि तेलाबरोबर रंध्रांत जाते. दगड विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून त्याच लादीचा कापलेला तुकडा मागून घ्यावा व या परीक्षा त्यावर कराव्यात. काळा ग्रॅनाइट घेताना त्याच तुकड्यावर ॲसिटोनात भिजविलेले पांढरे फडके चोळून पाहणेही इष्ट होय. करड्या दगडास तेल किंवा रंग लावून तो काळा भासविण्याचा प्रकार या व्यापारात अपरिचित नाही व फडक्यावर काळा रंग आल्यास तो उघड होतो.

सीलरचे प्रकार : दगडावर संरक्षक द्रव्य लावण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील पार्लमेंटच्या इमारतीचा दगड झिजू लागल्यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट व्हिल्हेल्म फोन होफमान यांनी १८६१ मध्ये सिलिसिक एस्टर वापरण्याचे सुचविले होते. अर्थात त्याचा उद्देश ठिसूळ झालेला दगड घट्ट करणे हा होता. घरगुती पातळीवर मेण व जवसाचे तेल ही द्रव्ये प्रदीर्घ काळ वापरात आहेत. मेण, ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन व एपॉक्सी हे सर्व पृष्ठावर पापुद्रा धरणारे होत. त्यांनी चकाकी येते, व पापुद्रा अखंड आहे तोवर अम्लही काही प्रमाणात अडते. परंतु ओट्यावर हा पापुद्रा अखंड राहत नाही. मेण गरम पातेल्याखाली वितळते, ॲक्रिलिकावर सुरीचे व तारेच्या घासणीचे ओरखडे उठतात. दगडाच्या खालून किंवा सांध्यातून आलेली ओल बाहेर पडू न शकल्याने पापुद्रा पांढरा पडून सुटतो. तो काढून टाकणे हे मूळ डाग काढण्यापेक्षा कष्टाचे असते. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी पापुद्रा धरणारे सीलर प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वथा वर्ज्य समजावेत.

रंध्रांत मुरणाऱ्या सीलरांमध्ये सिलेन व सिलोक्सेन ही सिलिकॉन या मूलद्रव्याची कार्बनी संयुगे प्रमुख आहेत. सिलेनचे रेणू लहान असल्याने ते खोलवर जातात. ओलाव्याच्या सान्निध्यात त्यांचे जलीय विच्छेदन होऊन ते सिलिकायुक्त खनिजांच्या पृष्ठावरील हायड्रॉक्सिल गटांशी रासायनिक बंधाने जोडले जातात व रेणूचे जलविरोधी टोक रंध्राच्या पोकळीकडे राहते. रंध्र बुजत नाही, मात्र त्याच्या भिंती पाण्याने भिजेनाशा होतात. त्यामुळे केशाकर्षणाने पाणी आत ओढले जात नाही, पण बाष्प बाहेर पडू शकते. कॅल्साइटावर असे सिलिकायुक्त हायड्रॉक्सिल गट नसल्याने ही पकड तेथे दुबळी असते. म्हणून एकच सीलर ग्रॅनाइटावर जेवढा टिकतो तेवढा चुनखडकावर टिकेलच असे नाही.

पाणी व तेल यांच्या बाबतीतील फरक पृष्ठताणावरून कळतो. पाण्याचा पृष्ठताण २५° से. तापमानास सु. ७२, तर खाद्यतेलांचा सु. ३० ते ३५ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. सिलिकॉन संयुगांनी तयार झालेल्या पृष्ठावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा राहतो, पण तेल पसरू शकते. तेलही अडविण्यासाठी पृष्ठाची ऊर्जा आणखी कमी करावी लागते आणि ते काम फ्ल्युओरीनयुक्त बहुवारिके करतात. पाण्याचे मोती दाखवून सीलर विकणाऱ्याला तेलाचा थेंब टाकून दाखविण्यास सांगावे. फिका व शोषक ग्रॅनाइट असेल आणि ओटा फोडणीचा असेल, तर फ्ल्युओरीनयुक्त सीलरच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

त्याची एक दुसरी बाजूही आहे. कार्बन-फ्ल्युओरीन बंध अत्यंत बळकट असल्याने या वर्गातील अनेक संयुगे निसर्गात विघटन न पावता साचत जातात. थ्री-एम या अमेरिकन कंपनीने २००० मध्ये पीएफओएसवर आधारित उत्पादने बंद करण्याचे जाहीर केले. पीएफओएस हे संयुग २००९ मध्ये व पीएफओए २०१९ मध्ये चिवट कार्बनी प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या सूचीत समाविष्ट झाले. आता वापरात असलेली संयुगे बहुतांशी आखूड शृंखलेची आहेत, तरी तीही चिवटच होत. यास्तव ज्या दगडास गरज नाही त्यावर ‘असू द्यावे’ म्हणून ही द्रव्ये चोळणे योग्य नाही. उरलेला सीलर मोरीत ओतू नये. फवाऱ्याच्या रूपातील जलविरोधी द्रव्ये बंद खोलीत श्वासाबरोबर गेल्याने फुप्फुसांना तीव्र इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात नोंदलेली आहेत, म्हणून फवारा टाळून फडक्यानेच सीलर लावावा.

रंग गडद करणारे सीलर हा एक पोटप्रकार. करडा पडलेला कडप्पा त्याने ओला असल्यासारखा काळा दिसतो. पूर्वी हेच काम खोबरेल तेलाने करीत व काही घरांत अद्याप करतात. खोबरेल तेल वाळत नाही, त्यावर धूळ बसते व काही काळाने खवट वास येतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनाने घट्ट होते, म्हणून ते त्यापेक्षा बरे. मात्र या तेलाचे बोळे केलेले फडके आपोआप तापून पेट घेऊ शकते, तेव्हा काम झाल्यावर ते उघड्यावर पसरून वाळवावे. एकदा तेल मुरलेल्या दगडात सीलर शिरत नाही. आधी तेल काढावे लागते.

वापर : लादी धुऊन, तेलकटपणा काढून किमान एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावी. मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा यास अनुकूल असला, तरी भर दुपारी तापलेल्या लादीवर सीलरमधील विद्रावक मुरण्यापूर्वीच उडून जातो. सकाळची वेळ बरी. विद्रावकयुक्त सीलर ज्वालाग्राही असल्याने शेगडी व घरातील अन्य ज्योती विझवून, सिलिंडरची झडप बंद करून, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे. द्रव्य पातळ थराने लावून वेष्टनावर दिलेल्या अवधीनंतर, सामान्यतः पाच ते पंधरा मिनिटांनी, दगडाने न घेतलेला भाग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावा. न पुसलेला सीलर चिकट धूसर पट्ट्यांच्या रूपाने वाळतो. घट्ट काळ्या ग्रॅनाइटावर सीलर लावल्यानंतर येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच स्वरूपाच्या असतात, कारण तो दगड जवळजवळ काहीच घेत नाही. लाद्यांमधील पांढऱ्या सिमेंटचा सांधा मात्र कोणत्याही दगडापेक्षा अधिक शोषतो आणि हळदीने प्रथम तोच पिवळा पडतो. तेथे सीलरचा थोडासा खर्च सार्थकी लागतो. सीलर दर वर्षी लावावा असा नियम नाही. पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी व दगड गडद होऊ लागल्यावरच तो लावावा. धुण्याचा सोडा व तत्सम अल्कधर्मी द्रव्ये वारंवार वापरल्यास सिलोक्सेनाचे जाळे लवकर झिजते.

सीलर असूनही न टळणारी एक बाब म्हणजे नळाभोवती व माठाखाली जमणारा पांढरा थर. बेसाल्टातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटयुक्त, म्हणजे दुष्फेन असते. ते आटले की कार्बोनेट मागे राहते. माठातून पाणी सतत पाझरत असल्याने त्याच्या बुडाएवढे पांढरे कडे ओट्यावर उमटते. हा थर दगडाच्या वर असतो, आत नसतो. तो घालविण्यासाठी शौचालय साफ करण्याचे तेजाब ओट्यावर ओतण्याची चूक वारंवार घडते. काळ्या ग्रॅनाइटावर थर निघतो, तरी त्यातील काही लोहयुक्त खनिजे फिकी पडू शकतात. कडप्प्यावर व शहाबादीवर तर थर आणि दगड यांचे रासायनिक द्रव्य एकच असल्याने अम्ल दोहोंत भेद करीत नाही. अशा दगडावरील थर पात्याने हलकेच खरवडून काढावा आणि माठाखाली तिवई अथवा ताटली ठेवावी.

मुरलेला तेलाचा डाग काढण्यासाठी खडूची भुकटी व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचे दाट पोटीस डागावर लावतात, वर प्लॅस्टिकचा कागद झाकून एक दिवस ठेवतात व नंतर उघडून वाळू देतात. वाळताना तेल भुकटीत ओढले जाते. जुन्या डागास हे दोन-तीनदा करावे लागते. अम्लाचा चट्टा मात्र या उपायाने जात नाही. त्यासाठी दगड बारीक घासणदगडाने घासून पुन्हा चकाकी आणावी लागते. हा खटाटोप नको असल्यास कडप्पा प्रथमपासूनच चकाकी न आणता, केवळ गुळगुळीत घासून बसवावा. त्यावर चट्टे पडतात, पण सहसा दृष्टीस पडत नाहीत. ज्यांना ओट्याच्या एकाच भागावर अधिक खर्च करणे शक्य आहे त्यांनी शेगडी व सिंक यांच्या भागात घट्ट काळा ग्रॅनाइट आणि उरलेल्या भागात कडप्पा घालावा. या रचनेत सीलरचा प्रश्न बहुतांशी उद्भवत नाही.

पाटा-वरवंटा, जाते व खलबत्ता यांना सीलर लावू नये. वाटण होण्यासाठी त्यांचा पृष्ठभाग खरखरीत असावा लागतो व तो गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून घेतात. टाकी लावलेल्या दगडाची पहिल्या एक-दोन वाटणांत बारीक कच निघते, म्हणून प्रथम थोडे जाडे मीठ किंवा तांदूळ वाटून टाकून देण्याची पद्धत आहे. सीलर लावल्यास तोही असाच झिजून वाटणात येईल.